पटक्याखालची टोपी

नाथाजी साळुंखे म्हशीमुळे पडला हे साताऱ्याच्या तारघरात सगळ्यांना माहीत होतं. म्हैस कुणाची होती हे मात्र शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीचा आठवडा होता. गोडोलीच्या उताराला ती आडवी आली, नाथाजीने दोन्ही ब्रेक आवळले, त्यातला पुढचा तेवढा लागला आणि तो हँडलवरून उडून मैलाच्या दगडावर डोक्यावर आपटला. पिशवीत तीन तारा होत्या. चौथ्या दिवशी मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा त्याने आधी त्या तीन तारांची चौकशी केली. बायको बनुबाई उशाशी बसून चार दिवस रडत होती, ती एकदम चिडली. म्हणाली, "तारा पोचल्या. तुमीच पोचायचं राह्यलासा."

सर्जन मोठा हुशार आणि तोडून बोलणारा होता. त्याने डोक्याच्या डाव्या बाजूचं चुरा झालेलं हाड काढून टाकलं होतं, चांगलं वाटीच्या बुडाएवढं. आता तिथे नुसती कातडी होती आणि बोट ठेवलं की खाली ठोके लागत. घरी सोडताना त्याने सांगितलं की माणूस ठणठणीत आहे, खाईल, पिईल, शेत नांगरेल. पण त्या जागी पुन्हा मार बसला तर मिरजेपर्यंत आणण्याचीसुद्धा गरज उरणार नाही. सायकल चालवायची असेल तर डोक्यावर टणक काहीतरी घालूनच, नाहीतर सायकल विकून टाकायची.

आता तार वाटणाऱ्या माणसाने सायकल विकायची म्हणजे काय करायचं? पोस्टमास्तर हंबीरराव मोहिते माणूस वाईट नव्हते, पण नियमाच्या पुस्तकाबाहेर पाऊल टाकताना त्यांना घाम फुटायचा. त्यांनी नाथाजीला समोर बसवून सांगितलं की बसायचं काम कुठेच रिकामं नाही. एक महिना ते थांबतील. तेवढ्यात नाथाजीने डोक्याची सोय करावी, सायकलवर पूर्वीसारख्या तारा वाटून दाखवाव्यात आणि लोकांची तक्रार येता कामा नये. तक्रार आली की प्रकरण वर जाईल, वर गेलं की डॉक्टरचा कागद वर जाईल, आणि मग कामाला अपात्र असा शिक्का बसायला वेळ लागणार नाही.

घरातल्या सगळ्यांचं मत पडलं की सोडावी नोकरी. लष्कराची पेन्शन होती, दीड एकर ऊस होता. खाऊन पिऊन सुखी म्हणतात तसलं घर. पण नाथाजी ऐकेना. त्याला कारण होतं आणि ते बनुबाईलाही ठाऊक होतं, म्हणून ती भांडायची तेवढी भांडून गप्प बसायची.

पासष्टच्या लढाईत नाथाजीच्या मांडीला छर्रे लागले होते. त्याची तार गावी आली ती इंग्रजीत. आणणाऱ्याने ती रस्त्यावरूनच बनुबाईच्या हातात दिली, सही म्हणून अंगठा घेतला आणि सायकलला टांग मारली. गावात इंग्रजी वाचणारा कुणी नव्हता. लढाई चालू असताना तार आली म्हणजे ती कसली हे कुणी वाचून सांगायची गरज नाही, असं आयाबायांनी आपसांत ठरवलं. दीड दिवस घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बनुबाईला पाटावर बसवून बांगड्या फोडायची तयारी झाली, तेवढ्यात कुणीतरी शहाण्याने साताऱ्याहून मास्तर आणला. मास्तरने कागद वाचला: किरकोळ जखमी, प्रकृती उत्तम. दोन बांगड्या तोवर फुटल्या होत्या. पेन्शनीत निघाल्यावर नाथाजीला रखवालदारी मिळत होती, साखर कारखान्यात चांगली जागा मिळत होती. त्याने तारवाल्याची नोकरी हट्टाने मागून घेतली. पलटणीत शिकलेलं मोडकंतोडकं इंग्रजी त्याने घासूनपुसून नीट केलं. तेव्हापासून त्याची रीत ठरलेली. दारात जायचं, ओट्यावर बसायचं, तार स्वतः वाचून दाखवायची, समजली का विचारायचं, मगच उठायचं. एका तारेला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ लागायचा, आणि तो भरून काढायला तो सायकल दुप्पट जोरात हाणायचा. पडला तो त्यामुळेच, हेही खरं.

तर डोक्याला टणक काय मिळतं याचा शोध सुरू झाला. त्या काळी साताऱ्यात सायकलवाल्याच्या डोक्यावर गांधी टोपी, रुमाल नाहीतर नुसतं तेल असायचं. सायकलवर बसायचं वेगळं शिरस्त्राण असतं हे कुणी ऐकलेलं नव्हतं. नाथाजीने पहिल्यांदा एका मोटारसायकलवाल्या ओव्हरसीयरची टोपी मागून आणली. ती घातली की कान बंद. मागून ट्रकने दिलेला भोंगा त्याला दिवाळीतल्या लांबच्या फटाक्यासारखा ऐकू आला आणि तो जेमतेम बाजूला झाला. ती परत केली. मग रिटायर झालेल्या रेंजरसाहेबाची जुनी सोला टोपी आली, इंग्रज साहेब घालायचे तसली भेंडाची. दिसायला रुबाबदार, पण वाऱ्याने उडून पोवई नाक्यावर तिच्यामागे धावावं लागलं, आणि हाताने दाबली तर पापडासारखी मोडायची. तिसरी टोपी त्याचा मेव्हणा लालासाहेब घेऊन आला. तो कोयनेच्या बोगद्यावर कामाला होता. बोगद्यातल्या मजुरांना देतात तसली पिवळी, हलकी, आत पट्ट्यांचं जाळं असलेली. हातात घेतल्यावर नाथाजीला ती पोरांच्या खेळण्यातली वाटली. चौथी त्याने स्वतः पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. ती होती लष्करातली पोलादी टोपी. ती हातात आल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. पलटणीत अठरा वर्षं जिने राखलं तिच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?

तरी पण नाथाजी शिस्तीचा. पारख केल्याशिवाय घ्यायची नाही म्हणून त्याने बाजारातून डोक्याएवढाले दोन भोपळे आणले. एकावर पोलादी टोपी बसवली, दुसऱ्यावर पिवळी, आणि अंगणात उखळाशेजारी ठेवून दोहोंवर एकेकदा पाटा-वरवंट्यातला वरवंटा घातला. पोलादी टोपीला ओरखडासुद्धा नाही. पिवळीला मात्र वरच्या बाजूला बोटभर चीर गेली. निकाल लागला. पिवळी टोपी माळ्यावर गेली, भोपळे बनुबाईने चुलीकडे नेले, आणि पुढचे चार दिवस घरातल्यांनी भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे आणि भोपळ्याची थालीपीठं खाल्ली.

पोलादी टोपी घालून तो कामावर निघाला त्याच्या तिसऱ्या दिवशी टेकवाडीची तार आली. टेकवाडी साताऱ्यापासून पाच मैल. प्रत्येक घराआड एक माणूस पलटणीत, अशी ती वाडी. तार होती लग्नाची, मुहूर्त पुढे ढकलल्याची, आणि ती द्यायची होती हरणाबाई जाधवांच्या शेजारच्या घरी. हरणाबाईंचा एकुलता लेक सिद्धू लडाखकडे बर्फात होता. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. तिने वळणावर पाहिलं तर खाकी कपडे, लोखंडी टोपी, खांद्याला पिशवी. पलटणीतला माणूस एकटा गावात येतो तो कशाला, याचा तिच्या मनात दुसरा अर्थच नव्हता. सूप उलटं झालं आणि म्हातारी जागच्या जागी आडवी झाली. तोंडावर पाणी मारेपर्यंत, कांदा हुंगवेपर्यंत निम्मी वाडी गोळा झाली. नाथाजी हात जोडून सांगत होता की तार तुमची नव्हे, शेजारची आहे, लग्नाची आहे. शुद्धीवर आल्यावर हरणाबाईने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. संध्याकाळी तिने तलाठ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि त्याच्यावर अंगठा उठवला.

नाथाजीला तिचं काहीच चुकलेलं वाटेना. उलट लाज वाटली. ज्यासाठी हट्टाने ही नोकरी धरली तेच आपल्या हातून झालं, हे त्याला रात्रभर डाचत राहिलं. त्याने मनाशी ठरवलं की टोपी रस्त्यापुरतीच. वाडी दिसली की उतरायचं, टोपी हँडलला अडकवायची आणि सायकल हातात धरून चालत जायचं.

एवढा विचार करणारा माणूस, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही. मिरजेला त्याचं डोकं पूर्ण भादरलेलं होतं आणि नंतरही मलमपट्टीसाठी दोनदा वस्तरा फिरला होता. आठवड्याने टेकवाडीला दुसरी तार आली. हरणाबाई पुन्हा ओट्यावर. या वेळी वळणावरून आला तो तुळतुळीत डोक्याचा, उघडा बोडका माणूस, मान खाली, हातात कागद. आपल्याकडे असा माणूस दारात कधी येतो हे सांगायला नको. हरणाबाई या खेपेला पडली नाही. ती उठून उभी राहिली आणि तिने एवढा मोठा हंबरडा फोडला की नाथाजीच्या हातातली सायकल सुटली. तार निघाली दोन घरं पलीकडची, नातू झाल्याची.

दुसरा अर्ज आला तेव्हा हंबीररावांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. या महिन्याच्या तीस तारखेला वरचे साहेब टेकवाडीला चौकशीला येणार होते. अर्जदार बाईचा जबाब घ्यायचा आणि त्यावर नाथाजीचं काय ते ठरवायचं. हंबीरराव म्हणाले, "साळुंखे, तुम्ही टोपी घातली तरी तक्रार, काढली तरी तक्रार. मी आता पुस्तकात कुठलं पान बघू?"

मोहिद्दीन पिंजारी हा नाथाजीचा लहानपणापासूनचा सोबती. कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा. त्याच्या दुकानात बसून नाथाजीने सगळी कर्मकहाणी सांगितली: ओव्हरसीयरची टोपी, रेंजरची टोपी, भोपळे, वरवंटा. मोहिद्दीन कापूस भरता भरता ऐकत होता. भोपळ्यापाशी त्याचा हात थांबला. त्याने विचारलं की लोखंडी टोपीतल्या भोपळ्याचं काय झालं होतं. नाथाजी म्हणाला, टोपीला काही झालं नाही. मोहिद्दीनने पुन्हा तेच विचारलं. तेव्हा नाथाजीच्या लक्षात आलं की आपण भोपळे नीट पाहिलेच नव्हते. घरी येऊन बनुबाईला विचारलं तर ती म्हणाली की एक भोपळा आतून पार भुगा झाला होता, त्याचेच घारगे केले; चिरायला लागला तो दुसरा, पिवळ्या टोपीखालचा, त्याला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

हे ऐकून मोहिद्दीन एवढंच म्हणाला, "गड्या, तुला टोपी जपायची हाय का डोकं?"

मग कामाला गती आली. पिवळी टोपी माळ्यावरून उतरली. चीर गेली होती म्हणून लालासाहेबाकरवी तसलीच दुसरी मागवली. मोहिद्दीनने तिच्या पट्ट्यांच्या जाळ्यात कापसाची घट्ट पिंजलेली, सुती कापडात शिवलेली गादी बसवली. डाव्या बाजूला, जिथे हाड नव्हतं तिथे, गोल खळगा ठेवून, म्हणजे वजन आजूबाजूच्या हाडावर येईल आणि कातडीला टेकणार नाही. दोनदा उसवली, दोनदा शिवली. हनुवटीखाली धरायला रुंद पट्टा लावला. नाथाजीने ती घालून अंगणात बैलासारखी मान हलवून पाहिली. टोपी जागची हलली नाही. कान मोकळे. वजन म्हणाल तर तांब्याभर पाण्याचंही नाही.

उरला प्रश्न लोकांच्या डोळ्यांचा. पिवळी टोपी घालून दारात गेलं तर बोगद्यातला अपघात आठवणारी घरंही वाटेत होतीच. तो बनुबाईने सोडवला, आणि सोडवताना नवऱ्याला वेडा म्हणून घेतलं ते वेगळं. ती म्हणाली, "आवं, माणूस घरात खुशाली घिऊन येतो तवा डोक्याला काय बांधून येतो?" तिने ट्रंकेतून त्याचा जुना पटका काढला, मातकट खाकी रंगात बुडवून वाळवला आणि त्या टोपीवर असा काही पिळून बांधला की खाली कोयनेचा बोगदा आहे हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. कडेने टाके घातले. आता पटका एकदम टोपीसारखा उचलून ठेवता येत होता. हंबीररावांनी तो चारी बाजूंनी पाहिला, नियमाचं पुस्तक काढलं आणि समाधानाने मिटलं. गणवेशात खाकी शिरोभूषण असावं असं लिहिलं होतं. आत काय असावं याबद्दल सरकार गप्प होतं.

पंधरा दिवस नाथाजी तो घालून हिंडला. कुणी वळून पाहिलं नाही. एकदा माची पेठेच्या चढाला घसरून बाजूच्या भिंतीवर डोकं आदळलंसुद्धा. त्याने उठून धोतर झाडणाऱ्या माणसाच्या तोऱ्यात पँट झाडली आणि पुढे गेला. घरी हे सांगितलं नाही. टेकवाडीला मात्र या दिवसांत एकही तार आली नाही.

ती आली एकोणतीस तारखेला, चौकशीच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाला. म्हसवडहून. हरणाबाई जाधवांच्याच नावाची. तिचा थोरला भाऊ पहाटे गेला होता; संध्याकाळपर्यंत वाट बघतो, लवकर निघा. म्हसवडची एसटी साताऱ्याहून दोन वाजता. तारघरातल्या सोबत्याने नाथाजीला बाजूला घेऊन सल्ला दिला की तू जाऊ नकोस, मी जातो, नाहीतर तार शेजारी देऊन ये. उद्या बाईचा जबाब आहे. मरणाची तार घेऊन तूच तिच्या दारात गेलास तर ती तुझं काय करील? सल्ला खोटा नव्हता. नाथाजी क्षणभर थांबलासुद्धा. पण दुसरा कुणी गेला तर तो ती रस्त्यावरून देणार आणि म्हातारी कागद हातात धरून सिद्धूच्या नावाने ऊर बडवत बसणार, हे त्याला डोळ्यांपुढे दिसलं. त्याने सही करून तार घेतली आणि पटका डोक्यावर ठेवून पट्टा आवळला.

पाच मैल तो एकच गोष्ट घोळवत होता. पटका घालून हसतमुख गेलो तर ती फसवणूक होईल. उघड्या डोक्याने गेलो तर वळणापासून ओट्यापर्यंतची तीस पावलं ती लेकाला मेलेला धरील, आणि तीस पावलं आईला फार असतात. वळणावर तो उतरला. हरणाबाईने त्याला पाहिलं आणि खांब धरला. नाथाजी तिथेच उभा राहिला, पटका डोक्यावर तसाच, आणि पलटणीत हाळी देत तशा आवाजात म्हणाला, "मावशी, सिद्धू खुशाल हाय. ही तार त्याची न्हवं."

म्हातारीने खांब सोडला. मग नाथाजीने हनुवटीखालचा पट्टा सोडला, पटका दोन्ही हातांनी उतरवला आणि सायकलवर ठेवून उघड्या डोक्याने तीस पावलं चालत गेला. ती त्याच्याकडे बघत होती. जवळ आल्यावर तिची नजर त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला गेली. आधीच्या दोन्ही खेपांना तिने ते पाहिलंच नव्हतं. तिथली कातडी खाली दबलेली होती आणि उन्हात सायकल हाणून आल्यामुळे थडथड उडत होती.

"म्हसवडचा?" तिने विचारलं. नाथाजीने मान हलवली आणि ओट्यावर बसून तार वाचली. समजली का विचारलं. ती व्हय म्हणाली. पदर तोंडाला लावून ती थोडा वेळ रडली. सिद्धू बरा आहे हे तिने मधेच एकदा पुन्हा विचारून घेतलं आणि मग भावासाठी मोकळेपणाने रडली. नाथाजी बसून राहिला. नंतर त्याने सांगितलं की गाडी दोनला आहे, पायी पोचणं होणार नाही, सायकलला मागे कॅरेज आहे, बसाल का?

तिने दाराला कुलूप घातलं, शेजारणीकडे किल्ली दिली आणि लुगड्याचा काष्टा सावरत सायकलजवळ आली. नाथाजी तसाच उघड्या डोक्याने टांग टाकायला निघाला. दुखवट्याच्या माणसाला घेऊन पटका घालून जायचं त्याला प्रशस्त वाटेना. हरणाबाईने सायकल धरून ठेवली. तिने पटका हातात घेतला, उलटा केला, आतली पिवळी टोपी पाहिली, गादीतला खळगा बोटाने चाचपला. आणि दोन्ही हात उंच करून स्वतःच्या हाताने तो त्याच्या डोक्यावर बसवला.

"उद्या तुजा सायेब येनार हाय म्हनं," ती म्हणाली. "मी तर म्हसवडात असंन. शेजारणीला सांगून ठिवलंय, त्येला म्हनावं अर्जावरलं माजं दोन्ही अंगठं मागं घेतलं. आन् तू हे डोक्यावरनं उतरू नगंस बाबा. तुला काय झालं तर आमाला लांबनं वराडून कोन सांगनार, की पोरगं जितं हाय?"

नाथाजीने हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि सायकल उताराला लावली.